काठीवर फक्त पांढरं

मंगळवार, ता. ७

ती. दादाला,
भागूबाईचा वाकून नमस्कार. वि. वि.

काल रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. आधी हे सांगते की भिंगरी बरी आहे, दोन पावलं टाकते आणि बदकन बसते. नाहीतर वहिनी पहिली ओळ वाचूनच पदर डोळ्याला लावेल. फोन नाही केला, कारण माझा फोन भिंगरीने लॉजच्या चादरींसोबत धुवायच्या पिंपात टाकला. चादरी निघाल्या, फोन गेला. यांच्या फोनवरून केला असता, पण जे सांगायचंय ते यांच्यासमोर सांगता येत नाही. आणि मला पाठ काय, तर तुझ्या ट्रकच्या मागे रंगवलेला ऑफिसचा पत्ता. म्हणून हे पत्र. बसचा ड्रायव्हर तुमच्या ऑफिसच्या दारावरूनच जातो, त्याच्या हाती देते.

दादा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली.

तुला माहीतच आहे, आमच्या सासूबाई मोठ्या लॉजच्या चादरी धुतात. त्यांच्या सासूने धुतल्या, तिच्याही सासूने धुतल्या. घरामागे वाळूची टेकडी आहे, तिच्यावर आमच्या दोऱ्या. दोऱ्यांच्या शेवटी एक उंच काठी आहे. काठी म्हणजे काय, कुठल्यातरी फुटलेल्या जहाजाचा खांब आहे तो, वर कप्पी आणि दोरी. सासूबाई आठवडाभर बहिणीकडे गेल्या, एका डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना मला सांगून गेल्या की सूनबाई, रोज उजाडताना काठीवर एक चादर चढवायची. फक्त पांढरी. दुसरं काही नाही. मला वाटलं, तिथे ऊन जास्त, रंगीत कपडा विटत असेल.

तीन दिवस मी चढवली पांढरी. काल पहाटे भिंगरीने तू दिलेल्या लाल ब्लँकेटवर सगळं ओकून ठेवलं. धुतलं. दोऱ्या लॉजच्या चादरींनी भरलेल्या. काठीवर वारा चांगला. म्हटलं, एक दिवस विटलं तर विटलं. आणि चढवलं.

हे तासाभरात घरी परत. बोट गेलीच नाही. म्हणाले, इंजिन कुरकुरतंय. मी खिडकीतून पाहिलं तर सगळ्याच बोटी वाळूवर. मोजल्या. बत्तीस. समुद्र कसा, तर ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. म्हटलं, बत्तिसांची इंजिनं एकाच दिवशी कशी कुरकुरली? तर हे हळूच म्हणाले, कुणाला बोलू नकोस, पण काठीवर लाल होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो जागा बदलतो. काठीवर पांढरं असलं तर तोंड मोकळं, लाल असलं तर दांडा वर आलाय, जाऊ नका. आता फोनवर हवामान कळतं, काठीकडे बघतो म्हटलं तर बोटीवरची पोरं हसतात. म्हणून कुणी कबूल करत नाही. यांना वाटलं, सासूबाईंनीच कुणाकडून निरोप पाठवला असेल.

दादा, मी भिंगरीला यांच्याकडे दिलं. गुपचूप जाऊन ब्लँकेट उतरवलं, घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं. इथे हे लोकांना आईच्या दुधातून कळतं, म्हणून मला कुणी सांगितलंच नाही. एकतीस वर्षं सासूबाई ती काठी सांभाळतात, एकदाही चुकल्या नाहीत. आणि मी चार दिवसांत बत्तीस घरांची मासळी बुडवली. मी डोंगराकडची, लग्नाला तीन वर्षं झाली तरी पायाचा घोटासुद्धा समुद्रात घातलेला नाही. लोक म्हणतील, हिला पाण्याची माहिती नाही ती नाही, वर गावाला वेड्यात काढते.

सासूबाई परवा येतील. तू ट्रक घेऊन ये आणि मला नि भिंगरीला घेऊन जा. सामान फार नाही. एक ट्रंक, शिलाई मशीन आणि भिंगरीचा पाळणा.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. माझ्यावर माया आहे तेवढी या खेपेला सगळीच लागेल.

तुझी,
भागूबाई

*

शुक्रवार, ता. १०

चि. भागूबाईला दादाचा आशीर्वाद आणि भिंगरीला दोन गालांवर दोन.

अक्षर हलतंय, कारण कागद स्टिअरिंगवर आहे. गाडी उभी आहे, लगेच घाबरू नकोस. तुझं पत्र ऑफिसच्या कारकुनाने मला दिलं ते फोडूनच दिलं. त्याला सगळ्यांची पत्रं फोडायची खोड आहे. वर मलाच विचारतो, मग बहिणीला आणायला कधी निघणार?

तर मी सरळच सांगतो. चूक तुझी नाही, माझी. लाल ब्लँकेट मी घेतलं. दुकानात निळंही होतं. तुझी वहिनी म्हणाली निळं घ्या, मी म्हटलं लालच घेऊ, भाचीला शोभेल. हे तू सासूबाईंना सांगितलंस तरी चालेल, मी बत्तीस बोटींसमोर कान धरून उभा राहतो.

दुसरं असं, की तुला ही सवय जुनी आहे. दुसरीत असताना शाळेच्या घंटेच्या दोरीला लोंबकळून झोका घेतलास, आठवतं? सकाळी दहाला शाळा सुटली. पोरं पळाली ती पळाली, गुरुजीसुद्धा छत्री घेऊन घरी गेले. तेव्हाही तू कोंबड्यांच्या खुराड्यात लपून बसलीस आणि आता मला घर सोडून जावं लागेल म्हणून रडलीस. गुरुजी काय म्हणाले होते? म्हणाले, पोरीने कधी नव्हे ती मला दुपारची झोप दिली.

येतोच मी. रविवारी, एकोणीसला. आदल्या शुक्रवारी, सतराला, संध्याकाळी गिरणीवर माल उतरवतो आणि रिकामी गाडी घेऊन थेट निघतो. पण तोवर सासूबाईंना सांगून टाक. समुद्राला भितेस हे समजू शकतो, तो मोठा आहे. सासूबाई केवढ्या, तर तुझ्या खांद्याएवढ्या.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. कारकुनाने सांगितलं तर माझा इलाज नाही.

तू रागावलीस तरी तुझाच,
दादा

*

मंगळवार, ता. १४

ती. दादाला नमस्कार. वि. वि.

नाही सांगितलं. तीन वेळा तोंड उघडलं. एकदा म्हणाले मीठ संपलंय, एकदा म्हणाले पाणी गरम करू का, आणि तिसऱ्या वेळी नुसतीच जांभई दिली.

सासूबाई एका डोळ्याला पट्टी बांधून आल्या. एका डोळ्याने चालताना तोल जातो, म्हणून रोज पहाटे मला सोबत नेतात. म्हणजे भिंगरी माझ्या कडेवर आणि सासूबाई माझ्या दंडाला धरून, अशी आमची वरात. खाडीच्या तोंडापर्यंत वाळूतून चालायचं. तिथे त्या साडी खोचून गुडघाभर पाण्यात जातात, पायानेच दांडा चाचपतात. म्हणाल्या, बहिणीकडे जाण्याआधी चाचपूनच गेले होते, समुद्र सपाट असला की दांडा आठवडाभर हलत नाही. मी कोरड्या वाळूत उभी राहून ओरडते, पुरे, पुरे आता. त्या म्हणतात, सूनबाई, समुद्राला ऐकू येत नाही, तुझा घसा बसेल.

पण चालताना त्या जे बोलतात ना दादा, ते ऐकत राहावंसं वाटतं. पूर्वी इथे गाव म्हणून नव्हतंच, नुसत्या मिठाच्या कोठ्या आणि दहा-बारा होड्या. मग कुणा डॉक्टरने म्हणे सांगितलं की समुद्रात डुंबलं की दुखणी जातात, आणि शहरातले लोक यायला लागले. बायका लाकडी खोक्यात बसून पाण्यात जायच्या, खोक्याला चाकं, ते ओढायला बैल. बैलाला पाणी आवडायचं नाही, तो अर्ध्यावर थांबायचा. मग ती शहरातली बाई आतून ओरडायची, मी पुढेही नाही आणि मागेही नाही. त्यावर मोठं लॉज झालं, लॉजच्या चादरी झाल्या आणि चादरी धुणाऱ्या आमच्या बायका झाल्या. लॉजच्या जिन्यात फोटो आहे. सात जणी टेकडीवर ओळीने, हात कमरेवर, मागे चादरी फुगलेल्या. मी आजवर त्या जिन्यावरून शंभरदा चादरी घेऊन गेले, फोटोकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

काठीचं असं झालं. धुक्यात परतणाऱ्या एका होडीला टेकडीवरच्या पांढऱ्या चादरी दिसल्या, त्या धरून ती तोंडातून नीट आत आली. तेव्हापासून होडीवाले चादरी कुठे आहेत ते बघायला लागले. मग सासूबाईंच्या आजेसासूने लाटेने आणून टाकलेला जहाजाचा खांब बैलांकडून टेकडीवर ओढून नेला आणि पुरला. तेच बैल, खोक्यांचे. सासूबाई म्हणतात, त्यांना पाणी नको होतं, टेकडी चालली.

आता ऐक. नगरपालिकेची नोटीस आली आहे. टेकडी सपाट करून बाहेरून येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं. दोऱ्या लॉजच्या मागे हलवतील, काठी काढतील. नगरपालिकेचे साहेब येऊन पाहून गेले. म्हणाले, आजी, आता काठीकडे कोण बघतं? एक जरी बोटवाला उभा राहून म्हणाला की मी बघतो, तर मी काठीला हात लावणार नाही. गुरुवारी लिलावाच्या शेडमध्ये सभा आहे.

सासूबाई एकेका बोटवाल्याकडे गेल्या. एक म्हणाला आमच्याकडे फोन आहे ना. दुसरा म्हणाला काठी जुनी झाली, मावशी. यांना विचारलं तर हे चप्पल शोधायला लागले, आणि चप्पल पायातच होती.  काल सासूबाई मला म्हणाल्या, एकतीस वर्षं मी कपडा चढवते, कुणी बघतं की नाही हे मला कधी कळलंच नाही गं. वाऱ्यालाच दाखवत होते की काय.

आणि मला माहीत आहे, दादा. बत्तीसच्या बत्तीस बघतात. पण ते कसं माहीत, हे सांगायला गेलं की ब्लँकेट बाहेर येतं. बोलले तर मी गेले आणि नाही बोलले तर काठी गेली. रोज पिशवी भरते आणि रोज रिकामी करते. तू रविवारी नक्की ये. काहीही झालं तरी ये.

भिंगरीला सहावा दात आला, माझ्याच बोटावर कळला.

भित्री असले तरी तुझीच,
भागूबाई

*

बुधवार, ता. १५

सूनबाईच्या दादांना सप्रेम नमस्कार.

माझ्या डोळ्याला पट्टी आहे, म्हणून मी सांगतेय आणि लॉजचा मॅनेजर लिहितोय. तो शिकलेला आहे, माझे चांगले चांगले शब्द गाळतो. तेवढं समजून घ्या.

तुमची बहीण रोज पिशवी भरते. मला वाटलं माहेरची ओढ असेल, म्हणून विचारलं नाही. तुम्ही रविवारी येणार हेही मला कळलं, बस ड्रायव्हरकडून. त्याला तुमच्या कारकुनाने सांगितलं. न्यायचं असेल तर चार दिवस खुशाल न्या. पण कायमचं सामान हलवणार असाल तर मला दोन शब्द बोलायचे आहेत.

पोर गुणाची आहे. चादर पिळते ती अशी की थेंब राहत नाही. भित्री आहे, पण माझा हात धरून रोज तोंडापर्यंत येते. भीती वाटत असून येते, ही मोठी गोष्ट. भीती न वाटणारे दोघे माझ्या माहितीत होते, दोघेही बुडाले.

आणखी एक. मी बहिणीकडून आले त्या दिवशी काठीच्या कप्पीत लाल लोकर अडकलेली दिसली. ती कुणाच्या ब्लँकेटची हे मला कळलं. डोळ्याचं ऑपरेशन करूनच आले होते. मी काही बोलले नाही. बघणारंच कुणी नसेल तर लाल काय आणि पांढरं काय. पण तिने आपण होऊन मला सांगावं असं वाटतं. का सांगत नाही? मी काय तिला खाते? तुम्हीही तिला यातलं बोलू नका.

उद्या सभा आहे. काठी जाईल असं दिसतंय. जाऊ दे. पण पोर जायला नको.

तुमच्या घरच्यांना नमस्कार. येताना पोटभर जेवून येऊ नका, जेवायला इथेच बसायचंय.

भिंगरीची आजी

*

शुक्रवार, ता. १७, सकाळ

ती. दादाला साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल रात्रीही झोपले नाही. पण या वेळची गोष्ट वेगळी आहे. हसून हसून पोट दुखत होतं.

सभेला सगळं गाव होतं. शेड काठोकाठ भरलेली, बोटवाले मागे भिंतीला टेकून उभे, बायका पुढे बर्फाच्या पेट्यांवर. साहेबांनी नकाशा लावला आणि विचारलं, काठीकडे कोण बघतं, हात वर करा. एक हात वर नाही. सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. सासूबाई माझ्या शेजारी ताठ बसलेल्या, पण त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

कसं झालं माहीत नाही, मी उभीच राहिले. भिंगरी कडेवर. माझे दात वाजत होते, म्हणून आधी काय बोलले ते कुणाला कळलं नाही. साहेब म्हणाले, बाई, जरा मोठ्याने. मग मी मोठ्याने म्हणाले की साहेब, सहा तारखेला, सोमवारी, समुद्र सपाट होता आणि बत्तीस बोटी वाळूवर होत्या. का होत्या ते यांना विचारा.

साहेबांनी बोटवाल्यांकडे पाहिलं. पहिला म्हणाला, दाढ दुखत होती. दुसरा म्हणाला, जाळं फाटलं होतं. तेवढ्यात दुसऱ्याची बायको बर्फाच्या पेटीवरून उठली. म्हणाली, जाळं फाटलं होतं काय? मला तर तू सांगितलंस की डिझेल भेसळीचं निघालं! मग तिसरी उठली, हा मला म्हणाला पोटात मुरडा आला, आणि दुपारी चार भाकऱ्या खाल्ल्या! मग काय, एकेकीने आपापल्या नवऱ्याचं इंजिनच उघडून ठेवलं. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना भर शेडमध्ये आंघोळ घातली.

शेवटी सगळ्यात म्हातारा बोटवाला पुढे आला. सगळे त्याला कप्तान म्हणतात. तो म्हणाला, खोटं कशाला बोलू? मी रोज बघतो. माझ्या बापाने सांगितलं, फोन बघ, आकाश बघ, पण काठी बघितल्याशिवाय नांगर उचलू नकोस. मी कुणाला सांगितलं नाही, कारण वाटलं मी एकटाच राहिलोय जुना. त्यावर मागून एक हात वर झाला, मग दुसरा. मग दादा, सगळे. यांचाही. कडेवरच्या भिंगरीनेही केला, तिला वाटलं खेळ आहे.

मी सासूबाईंकडे बघूच शकले नाही. ऐकू मात्र आलं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, बघतात की. बघतात की रे सगळे.

पण साहेब हुशार. म्हणाले, समुद्र सपाट होता तर लाल चढवलं कुणी? माझी पिशवी नेहमीसारखी भरलेलीच होती आणि ती मी सभेला सोबत आणली होती, ट्रंकेतलं ब्लँकेटही तिच्यात होतं. मी तिच्यातून ते काढलं आणि दोन्ही हातांनी धरलं. म्हटलं, मी. पोरीने ओकलं होतं, वाळत घातलं. मला माहीत नव्हतं. तुमच्या बत्तीस घरांची मी माफी मागते.

कप्तान जवळ आला. ब्लँकेटच्या कोपऱ्यातली पिवळी बदकं निरखून पाहिली आणि कपाळावर हात मारला. म्हणाला, अरे देवा, ही बदकं होय! मी दुर्बिणीतून पाहिली होती! मला वाटलं सरकारने नवीन काहीतरी जास्तीच्या धोक्याचं चिन्ह काढलंय!

दादा, शेड अशी हसली की बर्फाच्या पेटीवरची एक बाई खाली पडली. साहेबांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी नकाशावर टेकडीभोवती पेन्सिलने गोल काढला आणि पार्किंग जुन्या मिठाच्या कोठ्यांकडे ढकललं. मासळीचं कुणी नाव काढलं नाही. डिझेलवालीची शेजारीण उलट म्हणाली, त्या दिवशी माझा नवरा घरी होता म्हणून दोन वर्षं गळणारं छप्पर शाकारून झालं, महिन्यातून एकदा असं ब्लँकेट वाळत घालत जा.

घरी येताना सासूबाई माझा दंड न धरता पुढे चालत होत्या. मी म्हटलं आता बोलणी बसणार. दारात थांबल्या, माझ्या हातून पिशवी घेतली, आत नेली आणि खुंटीला टांगली. म्हणाल्या, लोकर मला पहिल्याच दिवशी दिसली होती, पण तू मला जे दाखवलंस ते एकतीस वर्षांत दिसलं नव्हतं. उद्यापासून तोंडाशी तू जायचं. मी कोरड्या वाळूत उभी राहून ओरडेन, माझीही हौस होऊ दे.

आणि दादा, आज पहाटे मी गेले. साडी खोचली. पाणी आधी घोट्याला लागलं, तेव्हा मी तुझं नाव घेतलं. मग पोटरीला, तेव्हा आईचं. गुडघ्याला लागलं तेव्हा नाव घ्यायचं विसरले, कारण पायाखाली वाळू सरकत होती आणि सासूबाई मागून सांगत होत्या, उजवीकडे, आणखी उजवीकडे. तोंड मोकळं होतं. त्यांनी माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली. मग टेकडीवर जाऊन माझ्या हाताने पांढरी चादर चढवली. खाली बत्तीस बोटी उभ्या होत्या. आज कुणी चोरून बघितलं नाही, सगळे माना वर करून उघड उघड बघत होते. मग एकेक निघाली. यांची तिसरी होती. जाताना यांनी भोंगा वाजवला आणि भिंगरी टाळ्या वाजवत बदकन बसली.

आता घाई अशी की तुझा नंबर यांच्या फोनमध्ये आहे आणि फोन यांच्यासोबत समुद्रात. हे येतील संध्याकाळी, तोवर तू गिरणीवरून रिकामी गाडी घेऊन निघालेला असशील. म्हणून हे पत्र दहाच्या बसने पाठवते.

तेव्हा आता पुढचं दादाला नाही. हे पत्र जे कुणी फोडेल त्यांना आहे. कारकूनदादा, तुम्हीच फोडणार हे मला माहीत आहे, आणि आज तुमच्या त्या खोडीचं भलं होवो. तुम्ही रजेवर असाल तर क्लीनर, वॉचमन, चहा द्यायला आलेला माणूस, ज्याच्या हाती हा कागद असेल त्याने एवढं करावं. माझ्या दादाला फोन लावा. गिरणीवरून निघायच्या आत लावा. उचलला नाही तर पुन्हा लावा. त्याला सांगा, येणं रद्द करू नकोस, पण गाडी रिकामी आणू नकोस. आईला, वहिनीला, पोरांना भरून आण. पाच मीटर लाल कापड आण, पक्क्या रंगाचं, बदकं नसलेलं. आणि बाकी काही सांगायला वेळ नसला तर एवढंच सांगा, की भागूबाई आज गुडघाभर पाण्यात उभी होती. त्याचा विश्वास बसणार नाही. मग म्हणावं, ये आणि बघ. पण तेवढा फोन करा हो.